विषय क्रमांक एक

नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सहसा कोणी वाचत नाही. आर्वीची घ्या किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाची, पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याखाली पाइपलाइनची दुरुस्ती, अमुक प्रभागातल्या नालीचे बांधकाम, कचरा उचलण्याच्या कंत्राटाला मुदतवाढ, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, मोकाट डुकरांचा बंदोबस्त, मालमत्ता कराची फेरआकारणी, एखाद्या चौकाला नाव देणे असे विषय येतात. शेवटी असतात अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. दोन ओळींत कंटाळा येईल असाच हा मजकूर आहे. मला मात्र तो फार गंभीर वाटतो, आणि त्याचे कारण तो पहिला विषयच आहे. नवे काही ठरवण्याआधी, मागच्या वेळी आपण काय ठरवले होते यावर गावाने एकमत करायचे. जे बोलले गेले ते तसेच लिहिले आहे का, हे सर्वांसमक्ष तपासायचे. घराघरांत, पक्षोपक्षांत, फार काय मोठ्या संस्थांतही ज्या गोष्टीला टाळाटाळ होते, ती इथे कायद्याने पहिल्या क्रमांकावर बसवली आहे.

आर्वी हे वर्धा जिल्ह्यातले, वर्धा नदीपासून जवळचे कापसाचे गाव. जुन्या कागदांत ते आर्वी तेलंगराव म्हणून येते. ज्या तेलंगराव वलींनी ते वसवले असे सांगतात, ते हिंदू की मुसलमान याबद्दल दोन मते आहेत. समाधीपुढे मात्र दोघेही झुकतात. १९०१ च्या जनगणनेत दहा हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव तेव्हाही कापसाची मोठी पेठ होते, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, आणि तो कापूस वाहून नेण्यासाठी १९१७ साली पुलगावहून ३५ किलोमीटरचा नॅरोगेजचा फाटा इथवर आला. नगरपालिका ब्रिटिश काळापासूनची. त्या काळी मध्य प्रांतातल्या अशा पालिकांचा मुख्य आधार जकात हाच होता. नाक्यावर बैलबंडी थांबायची, पैसे भरले जायचे, आणि त्या पैशांवर गावातले कंदील लागायचे.

१९९९ साली राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्य सरकारचे साहाय्यक अनुदान आले. व्यापाऱ्यांचा त्रास गेला हे खरेच, पण सभेच्या दृष्टीने फार मोठा फरक पडला. पैसा गावचा होता तेव्हा तो कुठे खर्चला हे विचारणारा माणूस नाक्यावर पैसे भरून आलेला असे. आज बहुतेक कामे योजनेच्या नावाने येतात : वित्त आयोग, नगरोत्थान, अमृत. सदस्य ‘निधी खेचून आणला’ म्हणून सांगतात, आणि आणलेल्या निधीवर प्रश्न विचारणे गावाला कृतघ्नपणाचे वाटू लागते. तो पैसाही आपल्याच करातून वर गेलेला असतो, हे सभागृहात कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे.

महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम १९६५ सालचा आहे. त्यातले ८१ वे कलम प्रत्येक मतदाराने एकदा तरी वाचावे असे मी म्हणेन. सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हायला हवी, आधीच्या सभेपासून दोन महिन्यांच्या आत पुढची, असे ते सांगते. चर्चा कशावर करायची याला मर्यादा आहे : अधिनियमाने परिषदेला दिलेली कामे आणि कर्तव्ये. त्याखेरीज मोजक्या गोष्टींना मुभा आहे, पाहुण्याचे स्वागत, मानपत्र आणि दुखवट्याचा ठराव. म्हणजे पुलगाव-आर्वी रेल्वे ब्रॉडगेज व्हावी असे गावाला कितीही वाटले, तरी ते काम नगर परिषदेच्या हातातले नाही. हातात आहे ती नाली.

आणि नालीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सभेचे खरे प्रयोजन मला नालीतच दिसते. या भागातली माती काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात बांधलेल्या नालीची भिंत दोन-तीन वर्षांत कलते, तळ कुठे उचलला जातो, कुठे दबतो. समजा, वरच्या प्रभागात नाली मंजूर झाली. अंदाजपत्रक बिनचूक आहे, सिमेंटचे प्रमाण बरोबर आहे, देयकही नियमाने निघाले. पण ती जिथे संपते तिथून पुढची नाली खालच्या प्रभागाची, दुसऱ्या वर्षीची, दुसऱ्या ठेकेदाराची. दोन्हींचे तळ जुळत नाहीत. बोटभर उंचीचा फरक राहतो आणि आषाढात पहिला मोठा पाऊस झाला की वरचे पाणी खालच्या घरांत शिरते. फायलीत हा दोष कुठेच दिसत नाही, कारण फायली दोन आहेत आणि दोन्ही निर्दोष आहेत. तो फक्त एकाच ठिकाणी दिसू शकतो. वरच्या प्रभागाचा विषय निघाल्यावर खालच्या प्रभागाचा सदस्य उठून विचारतो, ‘हे पाणी उतरते कुठे?’ एवढ्या एका प्रश्नासाठी सगळ्या प्रभागांची माणसे एका खोलीत बसवावी लागतात. दुसरा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

म्हणून मधली वर्षे मला अस्वस्थ करतात. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले, निवडणुका लांबत राहिल्या, आणि कारभार प्रशासकांकडे आला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणी ते २० तारखेवर गेले, आणि मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. तीन-चार वर्षे म्हणजे जवळजवळ एक पूर्ण कार्यकाळ. त्या काळात कामे थांबली नाहीत. रस्ते झाले, घंटागाड्या फिरल्या, काही निर्णय तर लवकर लागले. प्रशासकही ठराव करतो, त्याला क्रमांक पडतो, तो नोंदवहीत जातो. पण सूचक, अनुमोदक, विरोध करणारा आणि अंमल करणारा असे चौघे त्या ठरावात एकाच खुर्चीवर बसलेले असतात.

या काळात नळाला पाणी आले नाही तर माणूस मुख्याधिकाऱ्यांच्या, म्हणजे सीओ साहेबांच्या, कक्षाबाहेर अर्ज घेऊन उभा राहायचा. साहेब चांगले असतील तर काम व्हायचे, पाणी यायचे. तरीही अर्जदार आणि सदस्य यांत फार अंतर आहे. अर्जदार विनंती करतो आणि त्याला मिळालेले उत्तर त्याच्यापुरते राहते. सदस्य उत्तर मागतो, आणि त्याला मिळालेले उत्तर इतिवृत्तात जाते, पुढच्या सभेत कायम होते, दहा वर्षांनीही काढून दाखवता येते. एका अर्थाने त्या वर्षांत गावाला कामे मिळाली, पण स्मृती मिळाली नाही.

सभेची ही शिस्त आपण बाहेरून आणली असे पुष्कळांना वाटते. १८८२ सालचा लॉर्ड रिपनचा ठराव शाळेत शिकवला जातो, आणि त्याचे ऋण मोठे आहेच. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध भिक्षुसंघाची आठवण करून दिली होती. आसनांची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवले. विनयपिटकातली रीत पाहिली की मन थक्क होते. महत्त्वाचा प्रस्ताव आधी मांडायचा, मग तीनदा उच्चारायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचे : ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे. तिन्ही वेळा शांतता राहिली तरच संमती. मतभेद असतील तर शलाका वाटून मते घ्यायची, आणि त्या वाटणारा भिक्षू राग, द्वेष, मोह, भय यांपासून मुक्त असावा अशी अट. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखातही तलावाची, बागेची, सोन्याची समिती आहे, चिठ्ठ्या टाकून निवड आहे, आणि ज्याने हिशेब दिला नाही तो व त्याचे नातलग अपात्र, असा कडक नियम आहे.

आपल्याकडेही मौन म्हणजे संमती. फक्त तीनदा विचारण्याची रीत सुटली. विषयाचे शीर्षक वाचले जाते, कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो, बाके वाजतात, आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. या सर्वानुमताचा खरा अर्थ वर्धा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. पवनारच्या विनोबांनी आयुष्यभर सर्वसंमतीचा आग्रह धरला. पाचांच्या तोंडून परमेश्वर बोलतो ही जुनी श्रद्धा, आणि तीन विरुद्ध दोनवर गाव चालवू लागलो तर गाव फुटते, असे त्यांचे म्हणणे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ते प्रत्यक्षात आणले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यास गटात दिवसेंदिवस चर्चा होते. पटले नाही म्हणणाऱ्या एकट्यासाठीही सभा थांबते. सर्वसंमती ही अशी कष्टाने मिळवायची गोष्ट आहे. न वाचलेल्या विषयावर पाच मिनिटांत झालेली सहमती त्या नावाला पात्र नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. चाळीस हजारांच्या शहरात मेंढ्याची रीत जशीच्या तशी चालणार नाही हेही खरे. पण मग निदान नकार देणाऱ्याचे नाव आणि कारण नोंदले गेले पाहिजे.

कारण एकट्याचा नकार कुठवर जातो हे आपल्या इतिहासात लिहिलेले आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे सांगून फुल्यांनी विरोध केला. सभागृहात विरोधी मत त्यांचे एकट्याचे. प्रस्ताव मंजूर झाला. पण त्या खर्चाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आज आपल्याला सांगता येतील? वर म्हटलेल्या ८१ व्या कलमातली मानपत्राची मुभा वाचली की मला नेहमी हा प्रसंग आठवतो.

आणि महाड. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे त्यामागे होती. ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. या कहाणीत नगरपालिकेच्या सभेची सगळी दुर्बलता दिसते : धाडस करून ठराव करणे, तो अंमलात न आणणे, आणि दबाव येताच फिरवणे. तरी मी तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहतो. तळ्यावर गेलेले लोक गावच्या सभेने मान्य केलेला हक्क बजावत होते. नोंदलेला ठराव फिरवायचा तर तोही उघडपणे, तारखेनिशी फिरवावा लागला, म्हणून तर आज आपण ती तारीख सांगू शकतो.

आर्वीच्या विषयपत्रिकेवर चवदार तळे नाही. तिथे पाण्याची टाकी आहे, नझूलच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे पट्टे आहेत, घरकुलाचा अडकलेला हप्ता आहे. पण कोणाच्या दारात पाणी आधी पोचायचे, कोणाचे अतिक्रमण दिसते आणि कोणाचे दिसत नाही, कचऱ्याचा डेपो कोणाच्या शेजारी, या प्रश्नांचा वंश तोच आहे. २०११ पासून नगर परिषदांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाण्याची वेळ, शौचालय, रस्त्यावरचा दिवा हे ज्यांच्या रोजच्या जगण्यातले विषय, त्या आता सभागृहात आहेत. त्यांच्या जागी नवऱ्याने किंवा दिराने बोलायचे नाही, एवढे तरी गावाने पाहिले पाहिजे.

दीर्घ खंडानंतर सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. नव्या सदस्यांना कामाची ओढ असेल, उद्‌घाटनांची घाईही असेल. माझे सांगणे त्यांच्याइतकेच आर्वीकरांना आहे. खास कारण नसेल तर नगर परिषदेची सभा लोकांना खुली असते, हे मतदानाच्या दिवशी रांग लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसते. पुढच्या सभेची तारीख विचारून घ्या, विषयपत्रिका मागा, आणि दुपारचे दोन तास काढून मागच्या रांगेत जाऊन बसा. आपल्या प्रभागाचा विषय नसेल त्या सभेला तर आवर्जून जा. घरी आल्यावर त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागणारा अर्ज करा, आणि तुम्ही ऐकले ते त्यात लिहिले आहे का, ते वाचून पाहा.