पूर्ण सत्य आणि निव्वळ सत्य

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस जी शपथ घेतो, तिचे तीन भाग असतात. मी सत्य सांगेन, पूर्ण सत्य सांगेन आणि सत्यावाचून अन्य काही सांगणार नाही. अनुविभागीय अधिकारी या नात्याने ही शपथ मी शेकडो वेळा ऐकली, आणि बहुधा इतक्या वेळा ऐकल्यामुळेच तिच्या शब्दांकडे कधी लक्ष दिले नाही. तिचा दुसरा भाग आणि तिसरा भाग या दोन वेगळ्या, प्रसंगी परस्परांच्या आड येणाऱ्या मागण्या आहेत, हे ध्यानात आले ते निवृत्तीनंतर. आणि तेही न्यायासनावर नव्हे, एका मित्राच्या दिवाणखान्यात गाणे ऐकताना.

हा मित्र इंदूरचाच, वीज खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. व्यसन एकच, ध्वनिमुद्रित संगीत. त्याच्याकडे स्पीकरांच्या दोन जोड्या. एक त्याने स्वतः तीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून आणलेली, इलेक्ट्रोस्टॅटिक जातीची. दुसरी मुलाने अमेरिकेहून पाठविलेली, प्लॅनर मॅग्नेटिक. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. पेटी नाही, कर्णा नाही. इस्पितळात दोन खाटांमध्ये आडोशाला उभी करतात तशी चपटी चौकट. घर बदलायचे ठरले आणि नव्या सदनिकेत एकाच जोडीपुरती जागा निघाली. "तू आयुष्यभर निकाल दिलेस, हाही देऊन टाक," असे म्हणून त्याने मला तीन संध्याकाळी बोलावून घेतले.

पक्षकारांची ओळख आधी करून द्यायला हवी. नेहमीच्या स्पीकरात कागदाचा शंकू असतो आणि त्याला मागून एकाच जागी धक्का मिळतो. त्यामुळे शंकू वाकतो, पेटी घुमते, आणि त्या दोहोंचा आवाज गायकाच्या आवाजात मिसळतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये केसाहून कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला असतो. पडद्यावर काही हजार व्होल्टांचा स्थिर विद्युतभार ठेवतात आणि संगीताचा संकेत पत्र्यांना देतात. एक पत्रा ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. बळ पडद्यावर सर्वत्र सारखे पडते. इंग्लंडातील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांनी क्वाड या नावाने १९५७ साली विक्रीस आणलेला असा स्पीकर जाणकार आजही मानदंड म्हणून सांगतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील जिम वायनी हे थ्री-एम कंपनीतील अभियंते स्वतः इलेक्ट्रोस्टॅटिकचे चाहते होते. तोच पातळपणा उच्च दाबाच्या विजेवाचून साधता येईल काय, या विचारातून त्यांनी पडद्यावर तारा चिकटविल्या, समोर चुंबकांच्या ओळी लावल्या आणि १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. येथे प्रवाह तारांतून वाहतो, म्हणून धक्काही तारांनाच बसतो, आणि तारांचे ओझे पडद्याला वाहावे लागते. मात्र या जातीला भिंतीतली वीज लागत नाही आणि धूळ व दमट हवा यांचे भय पुष्कळ कमी. ॲम्प्लिफायर तेवढा दमदार हवा.

पहिल्या संध्याकाळी इलेक्ट्रोस्टॅटिकवर उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लावला. खाँसाहेबांच्या दोन आलापांमधली शांतता मी पूर्वी कधी अशी ऐकली नव्हती. तंबोऱ्याची जवारी तार-तार वेगळी होत होती. स्पीकर नावाची वस्तू खोलीत आहे, हेच विसरायला झाले. परंतु डग्गा? तो होता, त्याचा आकार होता, वजन नव्हते. आवाज वाढवू गेलो तर मित्राने हात धरला. पडदा दोन पत्र्यांमधल्या चिंचोळ्या जागेत हलतो, फार लांब जाऊ शकत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तोच मारवा प्लॅनरवर. आता डग्ग्याची घुमार छातीशी आली, मंद्रातल्या स्वराला देह आला, गवई माणसाएवढा झाला. जवारी मात्र किंचित एकमेकींत मिसळली, आणि त्या मिसळीत यंत्राचा थोडा स्वतःचा रंग होता.

एक साक्षीदार आपल्या पदरचे काहीच घालीत नाही, पण सगळे सांगतही नाही. दुसरा बहुतेक सगळे सांगतो, आणि सांगताना स्वतःचे थोडे घालतो. खरा कोण?

मी त्याच रात्री निकाल लिहिला तो पहिल्याच्या बाजूने. भर न घालणे हेच प्रामाणिकपणाचे पहिले लक्षण, अशी आम्हा सरकारी माणसांची जन्माची शिकवण. मग झोप येईना, कारण एक जुना पंचनामा आठवला. गारपिटीनंतर एका पटवाऱ्याने पीकहानीचा अहवाल दिला होता. नेटका, मोजका, एकही वाक्य खोटे नाही. फक्त नाल्यापलीकडची शेते त्यात नव्हती, कारण नाल्याला पाणी होते आणि तो पलीकडे गेलाच नव्हता. मी सही केली. पलीकडच्यांना त्या वर्षी मदत मिळाली नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पटवाऱ्याचा अहवाल मी शेरा मारून परत पाठविला होता: भाषा भावनाप्रधान, आकडे सढळ. त्याने एकही शेत मात्र सोडलेले नव्हते. मला भर घालणारा दिसला. गाळणारा दिसला नाही. गाळलेले दिसत नाही, हीच त्याची सोय असते. सढळ आकडे कापता येतात. न लिहिलेले शेत कोणत्या शेऱ्याने परत आणणार?

याचा अर्थ भर घालणे क्षम्य, असा नव्हे. सढळ आकड्यांवर विसंबून खजिना चालत नाही. परंतु दोन दोषांत मी एकालाच दोष मानत आलो, हे खरे.

तिसऱ्या संध्याकाळी निकाल वाचून दाखवायचा होता. वहिनी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या मोढ्यावर बसल्या होत्या. मी सहज विचारले, "वहिनी, तुम्हाला कोणती जोडी आवडते?" त्या म्हणाल्या, "भावजी, मला इथून दोन्ही सारख्याच मंद. ती मधली खुर्ची ह्यांची. तिथे बसलेल्यालाच खरे ऐकू येते म्हणे." मित्र काही बोलला नाही.

बोलण्यासारखे नव्हतेच. हे रुंद पडदे उंच स्वर सरळ पुढे फेकतात. बाजूला बसलेल्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. पडद्याच्या पुढून व मागून निघालेला आवाज बाजूंना एकमेकांना खाऊन टाकतो, ते आणखी वेगळे. वॉकर यांनी १९८१ साली आणलेल्या नमुन्यात पडद्यामागे वर्तुळाकार कडी बसवून, मधून कडेकडे क्रमाने उशीर घडवून, आवाज एका बिंदूतून पसरल्यासारखा केला. म्हणजे हा दोष त्यांनाही खुपत असला पाहिजे. मित्राची जोडी त्या रचनेची नव्हती. तीस वर्षे आम्ही दोघे, यंत्र मुद्रणाशी प्रामाणिक आहे काय, यावर वाद घातला. कोणासाठी प्रामाणिक, हे विचारले नाही. बैठकीत गवई एकाच श्रोत्यासाठी गात नाही. स्वयंपाकघरातला वहिनींचा जुना रेडिओ, कितीही घोगरा असला तरी, घरभर सारखा ऐकू येई.

मग मित्रानेच एक गोष्ट काढली. मारव्याची ती मुद्रिका एकमार्गी. तिला दोन स्पीकर लागतच नाहीत. आम्ही प्लॅनरचा एक पडदा भिंतीपासून हातभर पुढे, खोलीच्या मधोमध उभा केला, दुसरा बंद ठेवला, आणि तीन खुर्च्या त्याच्यासमोर जवळजवळ मांडल्या. जवारी पहिल्या संध्याकाळइतकी सुटी नव्हती. वहिनींनी डोळे मिटले होते. मुद्रिकेची बाजू संपल्यावर त्या म्हणाल्या, "डग्गा छान वाजवलाय हो."

नव्या घरी प्लॅनरची जोडी गेली. इलेक्ट्रोस्टॅटिक मित्राने मला देऊन टाकली. ती माझ्या माडीवर आहे, पावसाळ्यात सुती आच्छादनाखाली. कोरड्या दिवसांत मी ती लावतो आणि मधल्या खुर्चीवर एकटा बसून ऐकतो. तिच्याइतके स्वच्छ मी आजही कोठे ऐकत नाही. लिहिलेला निकाल वाचायचा राहिला तो राहिलाच. त्याचा कागद त्याच खोलीत कोठेतरी आहे.