खुराची धूळ आणि खूर

गेल्या आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीत एक निवाडा झाला. तो आमच्याकडून नीट झाला की नाही याचा घोर अजून मनात आहे, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

आमची दिंडी धाराशिव जिल्ह्यातली, गोरोबाकाकांच्या तेरच्या पंचक्रोशीतली. दिंडीपुढे चार घोडे चालतात. मालक सगळे शेतकरी. हौसेने आणि श्रद्धेने जनावर आणणारे. माउलींच्या सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात, त्यांतल्या एकावर स्वार नसतो, कारण तिथे माउली बसली आहे हा आपला भाव. त्या थाटाशी आमची बरोबरी कुठली! पण मुक्कामी पताका धरून लहानसे रिंगण होते आणि आयाबाया खुराखालची धूळ कपाळी लावतात.

तिसऱ्या मुक्कामी हरिपाठ आटोपला, तोच तिघे मालक आमच्याकडे आले. "महाराज, चौथ्याची घोडी बघवत नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात, पाठ लागलीय तिची. त्याला दिंडीतून काढा. आमचंबी नाव खराब होतंय." चौथा पलीकडे लिंबाखाली मान घालून उभा होता. बोलला काहीच नाही.

तिघांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही कंदील घेऊन गेलो. झूल उचलली तर खोगिराखाली तळहाताएवढा व्रण, कडेने ओला. पुढच्या उजव्या खुराला चीर गेलेली. श्रोतेहो, खरे सांगतो, तीन दिवस त्याच खुराची धूळ आम्ही कपाळी लावली होती. खूर मात्र पाहिला नव्हता.

तेरचे लोक असल्यामुळे गोरोबाकाकांची आठवण होणारच. संतमंडळी जमली असता मुक्ताईने काकांना मडकी पारखायला सांगितले, काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले, आणि नामदेवराय कच्चे ठरले, ही कथा आपल्याला पाठ आहे. कीर्तनात आपण इथे हसतो. पण पुढचे पाहा. कच्चे ठरलेल्या नामदेवांना कोणी पंगतीतून उठवले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. कुंभाराला विचारा, कच्चे मडके तो उकिरड्यावर टाकत नाही, आव्यात घालतो. आणि हे पारखणारे काका कोण? भजनाच्या तंद्रीत ज्यांच्या पायाखाली स्वतःचे रांगते लेकरू चिखलात तुडवले गेले, ते. हयगयीचा आरोप त्यांच्यावर खुद्द त्यांच्या घरच्या माणसाने केला होता, आणि तो खरा होता. पांडुरंगाने लेकरू परत दिले हे खरे. पण त्या माउलीचा टाहो म्हणून खोटा ठरत नाही.

तेव्हा 'कोणाचे दोष पाहू नयेत' एवढे म्हणून आम्हांला सुटता येईना. माणसाची निंदा करू नये हे ठीक. पण घोडीने काय करावे? तिला तर बोलता येत नाही. आपण गप्प बसलो तर आपला साधुपणा राहतो आणि व्रण तिच्या पाठीवर राहतो. सरकारचा 1960 सालचा कायदासुद्धा व्रण असलेल्या, आजारी जनावराला कामाला लावणे गुन्हा मानतो. आणि मालकाने दुसऱ्याला तसे करू दिले तरी तो सुटत नाही.

आम्ही म्हणालो, "आधी चारही झुली उतरवा."

एक जण रागावला. "आमच्यावर संशय?" असे म्हणून उठून गेला, तो भजनालाही आला नाही. दोन घोडे स्वच्छ निघाले. खरारा नेमाने होत असावा, अंग चकाकत होते. रागावलेल्याच्या घोड्याच्या पोटपट्ट्याखाली मात्र केस गेलेले आणि कातडी लाल. त्याला ते ठाऊक नव्हते असे आम्हांला वाटते. झूल जरीची होती.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घोडीचा जबडा उघडून दाखवला. घोडी म्हातारी. दाढांना धारदार कंगोरे आलेले, त्यामुळे कडबा नीट चावला जात नाही, अर्धवट चघळलेले बोळे तोंडातून गळतात. मालक चंदी घालत होता, तोबरा भरत होता. अंगी लागत नव्हते. दाढा कानशीने घासून घ्या, हरभरा भिजवून द्या, कडबा बारीक कुट्टी करा, असे त्यांनी सांगितले. उन्हाळी दिवसांत घोड्याला दिवसाला 30–40 लिटर पाणी लागते, हेही सांगितले. टँकरच्या जिल्ह्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरते.

म्हणजे बरगड्यांचा आरोप त्याच्यावर पुरता बसत नव्हता. पाठीचा बसत होता. खोगिराखालची गादी झिजून गेली होती. आम्ही विचारले, "दिसत नव्हतं का?" तो म्हणाला, "दिसत होतं महाराज. काढून घेतली तर वारीतली सेवा चुकंल, म्हणून झाकलं."

या उत्तराने आम्ही गार झालो. सेवेसाठीच झाकले! नाथमहाराजांची पालखी पैठणाहून पंढरीला जाताना आमच्याच जिल्ह्यातल्या परांड्यावरून जाते. त्या नाथांनी रामेश्वराला वाहायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. सोबत्यांना वाटले, सेवा चुकली. नाथांना तसे वाटले नाही. आणि एक गोष्ट आजवर आमच्या ध्यानी आली नव्हती: हे गाढव कोणाचे, कोणी टाकून दिले, असे नाथांनी आधी विचारले नाही. पाणी आधी पाजले.

त्या माणसाला आम्ही दिंडीतून काढले नाही. घोडीला मात्र रिंगणातून काढले, तेही त्याच्यादेखत, सर्वांपुढे. कोणाला हे मवाळ वाटले, कोणाला कठोर. तिघांपैकी एकाने आपली जादा गादी दिली, पण व्रण भरेपर्यंत ती वापरायची नव्हती. रागावलेला तिसऱ्या दिवशी बोलू लागला. त्याने पट्टा सैल केलेला आम्ही पाहिला, विचारले काही नाही.

पुढे पंढरीपर्यंत घोडी मोकळ्या पाठीने दिंडीच्या मागून चालली, व्रणावर हळद-तेलाऐवजी डॉक्टरांचे मलम लावून. खोगीर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात एका म्हातारीने सवयीने वाकून तिच्या खुराशी हात नेला, चीर पाहिली, आणि धूळ घ्यायच्या आधी पदराने तो खूर पुसला.