घर बांधणाऱ्याचे ऋण

पालघर, बोईसर व तारापूर या टापूत आज जिकडे पाहावे तिकडे बांधकाम चाललेले दिसते. तारापुरास १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले; पुढे बोईसरच्या लगत कारखान्यांची मोठी वसाहत वाढली; आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कारवीचे कूड जाऊन विटांच्या भिंती उभ्या राहत आहेत. पेंढा व कौले जाऊन पत्रे व स्लॅब येत आहेत. अशा वेळी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. घर कसे बांधावे, हा केवळ पैशाचा व हौसेचा प्रश्न आहे, की त्यात धर्माधर्माचाही काही विचार आहे? कित्येक म्हणतात, “जागा माझी, पैसा माझा, मग विचारणारे तुम्ही कोण?” हे म्हणणे वरवर रास्त दिसते. तथापि ते टिकत नाही, असे आमचे मत आहे.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की, त्याने धाब्याला कठडा करावा. नाही तर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. छप्पर घरधन्याचे खरे. परंतु त्यावर चढणारा पाहुणा, खेळणारे लेकरू, डागडुजी करणारा गडी यांच्या जिवाचा हिशेब त्याच्याकडेच मागितला जातो. म्हणजे घर बांधताच मनुष्य इतरांचा ऋणी होतो.

हे पहिले ऋण आमच्या जिल्ह्यास भूकंपाने शिकविले आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांमागून धक्के बसू लागले आणि थंडीच्या दिवसांत लोक लेकरांसह घराबाहेर निजले. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली व जड माळवदांखाली. भूमी हलते, पण मारते ते घर. कारवीचा कूड हलका असतो. तो वाकतो, पडला तरी माणूस सहसा चिरडत नाही. उलट, विटांच्या भिंतीस कोपऱ्यांत सळ्या नाहीत, दारेखिडक्यांच्या वर सर्व भिंतींस एकत्र बांधणारा सलग पट्टा नाही, आणि वर जड स्लॅब आहे, असे घर दिसावयास पक्के, पण भरवशास कच्चे होय. हलक्या छपरासही नीट बांधले पाहिजे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने हे आमच्या किनाऱ्यास दाखविले. तेव्हा जो गवंड्यास “पट्टा गाळ, पण दर्शनी भाग रंगव” असे सांगतो, त्याने कठड्याच्या आज्ञेचा विचार करावा.

दुसरे ऋण मजुराचे. दिवाळी उलटली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतून पुष्कळ कातकरी व वारली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लेकरांची शाळा बुडते, आणि हिशेब पुष्कळदा मालकाच्याच वहीत राहतो. याच मुलखातील वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध झुंज दिली. १९७६ साली देशभर वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. तरी उचलीच्या कर्जाने बांधलेला मनुष्य कायद्याच्या अक्षराने लगेच सुटत नाही. यहोयाकीम राजाने प्रशस्त माड्या व गंधसरूचे तक्तपोशी केलेले घर बांधले, म्हणून यिर्मयाने त्यास धिक्कारले नाही. शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याची मजुरी बुडविली, म्हणून धिक्कारले. आपण वीट स्वस्त मिळाली म्हणून आनंदतो. ती कोणाच्या पोटातून स्वस्त झाली, हे विचारणे आपले काम नव्हे काय?

तिसरे ऋण भाडेकऱ्याचे. बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले हजारो कामगार आहेत. त्यांच्यासाठी ज्याची जागा आहे तो खोल्यांच्या रांगा बांधतो. एक दार, खिडकी नाही, वर पत्रा, आणि आठ-दहा बिऱ्हाडांस एक शौचकूप. भाडे मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेस हवे. या बाबतीत आम्हांस एकच कसोटी सुचते: बांधणाऱ्याने स्वतः मे महिन्यातील एक रात्र त्या खोलीत लेकराबाळांसह काढावी. ती काढवत नसेल, तर परदेशी माणसास ती विकत देणे हे शेजारप्रीतीच्या कोणत्या कलमात बसते?

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, “तुमच्या मनातून आम्ही पुन्हा कुडातच राहावे असे आहे.” तसे मुळीच नाही. कुडास वाळवी लागते, पेंढा आग धरतो, सापविंचू शिरतात, आणि दरसाल शेणमातीने भिंती लिंपण्याचे कष्ट बायकांच्याच वाट्यास येतात. कारवीही आता पूर्वीसारखी हाताशी नाही. स्लॅबखाली बसून दुसऱ्यास झोपडीचे गुण सांगणे ही ढोंगबाजी होय. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील कुटुंबास १ लाख २० हजार रुपये व निदान २५ चौरस मीटरांचे घर ठरविले होते. ज्यास असे घर मिळाले त्याने ते आनंदाने बांधावे. आमचे म्हणणे इतकेच की, जुन्या घरातील शहाणपण जुन्या सामानाबरोबर फेकून देऊ नये. पुढे आलेली वळचण भिंतीस पावसापासून राखते; ओटी व पडवी उन्हास थोपवितात; कौलांच्या फटींतून ऊन वारा निघून जातो. हे गुण विटांच्या घरासही देता येतात, आणि त्यांस खर्च थोडा लागतो.

लॉरी बेकर हे इंग्रज क्वेकर गृहस्थ १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी बांधकाम करावयास हिंदुस्थानात आले आणि २००७ साली त्रिवेंद्रम येथे मरण पावले. आदर्श घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळावे, हे गांधीजींचे म्हणणे ते आवर्जून सांगत. त्यांनी विटा उभ्या, आतून पोकळ राहतील अशा रचून सामान वाचविले व भिंती थंड ठेविल्या. जाळीदार भिंतींनी खिडक्यांचा खर्च वाचविला. काटकसर आणि शोभा एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या कामावरून दिसते.

जे घरास लागू, ते मंडळीच्या मंदिरास, शाळेस व समाजगृहास अधिकच लागू. नुसत्या पत्र्याखाली जुलैत उपदेश ऐकू येत नाही आणि मे महिन्यात बसवत नाही. मग उंच दर्शनी कमान काय कामाची? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या छपरावर दोन लाख लिटर पाणी येते व ओढ्यास जाते. त्यातले थोडेसे टाकीत धरले, तरी वैशाखात पाड्यावरील बायकांची एखादी खेप वाचेल. पायऱ्यांशेजारी एक उतार केला, तर लंगडा व म्हातारा दुसऱ्याच्या हाताशिवाय आत येईल.

म्हणून पाया खणण्यापूर्वी प्रत्येक घरधन्याने व मंडळीच्या पंचांनी स्वतःस विचारावे: हे छप्पर कोसळले तर खाली कोण असेल? या विटांची मजुरी पुरती पोहोचली काय? येथे राहावयास येणाऱ्यास वारा व उजेड मिळेल काय? लोक आपली भिंत पाहून काय म्हणतील, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.