पान, शेंडा आणि शासन

बंगळूरच्या मल्लेश्वरमला ज्यावरून नाव मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे देवालय शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात बांधविले, असे परंपरा सांगते. शिवाला भांग प्रिय, ही श्रद्धा त्याहून जुनी. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मात्र एकाच झाडाची वाटणी केली. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, तो बाळगणे गुन्हा. शेंड्याविना नुसते पान त्या व्याख्येबाहेर. शेंड्यात मादकता अधिक, हे खरेच. परंतु अधिक-उण्याचा हा भेद लोकमानसात पाप-पुण्याचा झाला, तो कायद्याच्या भाषेमुळे. ती भाषा बोलणारे शासन स्वतः निर्व्यसनी नाही. कर्नाटकात २००७ साली गरिबांच्या अरकावर बंदी आली. शासकीय मालकीची एमएसआयएल कंपनी मात्र मद्याची दुकाने चालविते. (शाळकरी मुलांच्या ‘लेखक’ वह्याही तिच्याच!) मद्यपी त्यामुळे गिऱ्हाईक ठरतो, गांजेकस गुन्हेगार. वास्तविक त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावरील अल्प प्रमाणाबद्दलचा खटला टळू शकतो. त्यासाठी त्याने ‘मी व्यसनी आहे’ असे सरकारमान्य रुग्णालयात जाऊन सांगावयाचे असते; आणि हा शब्द उच्चारताना मान खाली घालावी, हे त्याला शासनानेच इतकी वर्षे शिकविलेले असते.