पावतीपलीकडचे दान

गेल्या वर्षी सुगीच्या उपकारस्तुतीची मिस्सा आटोपल्यावर एक निवृत्त शिक्षक मला भेटावयास आले. बुलढाणा शहरालगत त्यांचा एक बिगरशेती भूखंड रिकामा पडून होता. खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी तो एका सार्वजनिक न्यासाला द्यावा, असे त्यांच्या मनात होते. “फादर, या दानावर करात सूट मिळेल ना?” त्यांनी संकोचाने विचारले. प्रश्न व्यवहाराचा होता; पण दानाचे मर्मच त्यात दडलेले होते.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमाने वजावट दिली ती केवळ पैशाच्या दानाला. २०२५ च्या नव्या कायद्यातही सूत्र तेच राहिले. जमीन, धान्य, कपडे, दागिने यांच्या दानाला ती नाही. वस्तूचे मोल फुगवून सांगणे सोपे असते, हे ध्यानी घेतले तर या नियमात शहाणपण आहे. भूखंड विकून धनादेश द्यावा, तर विक्रीच्या नफ्यावर कर पडतो आणि बहुधा देणगीच्या निम्म्याच रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत, मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून जी नवी कररचना आपोआप लागू होते, तिच्यात तेवढीही नाही. उलट, व्यक्तीने भूखंड थेट दान केला तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तेव्हा सरळ मार्गच येथे हिताचा ठरतो.

मग सुटीची अपेक्षा करणे पाप आहे काय? मुळीच नाही. कायद्याने दिलेली सवलत घेण्यात लाज नसावी. मात्र दान कोणते द्यावे, हे सवलतीने ठरवू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकविले की, गरजेहून अधिक जे आपल्यापाशी आहे, त्यावर नैसर्गिक न्यायाने गरिबांचा अधिकार असतो. हे मान्य केले तर आपण देतो ते उपकार नसून देणे ठरते; आणि देणे फेडणारा मोबदल्याचा हिशेब कसा मांडील?

आपल्या विदर्भाला हा विचार नवा नाही. १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानाचा आरंभ करणारे विनोबा जमीनमालकांना म्हणत, तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. ते भिक्षा मागत नव्हते, वाटा मागत होते. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. तेथे १९५३ मध्ये भूदानाचा कायदाही झाला. परंतु देशभर मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळशा नापीक वा वादग्रस्त निघाल्या. नको असलेली वस्तू देऊन टाकणे म्हणजे दान नव्हे. तो घेणाऱ्याच्या माथी मारलेला भार होय.

शिक्षकांना मी इतकेच सांगितले : प्रथम न्यासाला विचारा, तेथे वसतिगृह उभे राहू शकेल काय? मग घरच्यांशी बोला. सातबारा निर्वेध करा. दोन साक्षीदारांसमक्ष दानपत्र करून त्याची नोंदणी करा आणि न्यासाने धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद केली की नाही, हे पाहा. पुढे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून न्यासाला ती जागा विकता येत नाही, हे संरक्षणही ध्यानी ठेवा.

त्यांनी वर्षभर खपून शेजाऱ्याशी असलेला हद्दीचा वाद स्वखर्चाने मिटविला आणि मगच दानपत्र केले. करसुटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या सुगीच्या दिवशी वेदीपाशी ज्वारीची पोती ठेवून गेलेल्या शेतकऱ्यांनीही काही विचारले नव्हते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून सुटीचा मोहही त्यांना नाही. त्यांना थोर ठरविण्याची घाई मी करणार नाही. ज्यांना मोह आहे, कसोटी त्यांचीच आहे. वाचकहो, आपण काही द्यावयास निघालो, तर पावतीविषयी विचारण्याआधी घेणाऱ्याची गरज विचारू या.