गैरहजर माणसाची बाजू

डिसेंबर १९४८. दिल्लीत संविधान सभेचे कामकाज चालू होते. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. माणसाची, त्याच्या घराची, त्याच्या कागदपत्रांची झडती सबळ कारणाशिवाय होऊ नये, ही हमी मूलभूत हक्कांतच असावी, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले की असे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. तरी ते संविधानात घातले तर कायदेमंडळाला त्याला हात लावता येणार नाही, म्हणून दुरुस्ती स्वीकारायला आपली तयारी आहे. मसुदा समितीचे अध्यक्षच राजी झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण सभागृहात गलबला झाला, मतदान पुढे ढकलले गेले आणि अखेर दुरुस्ती नामंजूर झाली. पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेची तरतूद तर त्याआधीच, मसुद्याच्या वाटेवर, गळाली होती.

फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या आणि गांधीजींच्या हत्येला वर्षही झाले नव्हते. भेदरलेल्या काळात राज्यसंस्थेचे हात बांधावेत असे सहसा कुणाला वाटत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे निःसंदिग्धपणे ऐकायला मग २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तसा निर्णय दिला. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्यांनी सांगितले. तो आकुंचित करायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

रास्त हेतू कोणता, हे दिल्लीला पुस्तकातून शिकावे लागत नाही. २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. २००५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर बाजारांत स्फोट झाले. २००८ आणि २०११ मध्ये पुन्हा स्फोट झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ गाडी उडाली. आपल्या मुंबईत २६/११ च्या रात्री पाकिस्तानातले सूत्रधार हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत होते आणि पोलीस ते संभाषण ऐकत होते. पुढे कसाबच्या खटल्यात तेच ध्वनिमुद्रण मोलाचा पुरावा ठरले. सरकारने कुणाचेच काही ऐकू नये, असे म्हणणाऱ्याने त्या रात्री आप्त गमावलेल्यांसमोर उभे राहून ते म्हणून पाहावे. मला ते म्हणता येत नाही.

पण संसद हल्ल्याच्याच खटल्यात आणखी एक ध्वनिफीत होती. झाकिर हुसेन कॉलेजात अरबी शिकवणारे एस. ए. आर. गिलानी आणि काश्मीरमधला त्यांचा भाऊ यांच्यातले ते संभाषण. त्याचा अर्थ पोलीस एक लावत होते, बचाव पक्ष दुसरा. विशेष न्यायालयाने २००२ मध्ये गिलानींना फाशी सुनावली. दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी ती फीत वाजवण्यात आली. न्यायमूर्तींनी कान देऊन ऐकली आणि आवाज इतका अस्पष्ट निघाला की त्यातून काहीच उलगडेना. २००३ मध्ये गिलानी निर्दोष सुटले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. त्यांच्याविषयीचा संशय न्यायालयाने पुसून टाकला नाही. मात्र संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व पाळले.

या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते एकच. ती फीत उघड्या न्यायालयात वाजली. ज्याचा फोन ऐकला गेला तो माणूस तिथे हजर होता, त्याच्या बाजूने बोलणारा वकील होता, ऐकणारे न्यायमूर्ती ना पोलीस खात्याचे होते ना गृहखात्याचे. म्हणून चूक चव्हाट्यावर आली. जी संभाषणे ऐकली जातात आणि न्यायालयापर्यंत कधी येतच नाहीत, त्यांचे काय?

त्यांच्यासाठीची व्यवस्था १९९६ च्या निकालातून आली. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने फोन टॅपिंगविरुद्ध दाद मागितली होती. ज्येष्ठ विधिज्ञ राजिंदर सच्चर यांचा आग्रह होता की परवानगी न्यायाधीशाने द्यावी. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून न्यायालयाने ते मानले नाही. आदेश गृहसचिवांनी काढावा, त्याची मुदत दोन महिने, फार तर सहा. आणि सचिवांच्याच समितीने तो तपासावा, अशी घडी बसली. १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी ती घडी मोडलेली नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की ही पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. आठ तास अखंड बसले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. दोन सेकंदांत नावसुद्धा धड वाचून होत नाही.

शिवाय अधिकार दिला त्या कामापुरता राहत नाही. हरवलेली मुले शोधायची म्हणून २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरे ओळखणारी यंत्रणा हाती घेतली. तिची अचूकता दोन टक्के असल्याचे त्याच वर्षी उच्च न्यायालयात सांगितले गेले. २०२० च्या दंगलीनंतर चेहरे ओळखण्याचे हेच तंत्र तपासासाठी वापरले गेले. मतदार ओळखपत्रे आणि वाहन परवान्यांवरची छायाचित्रे त्याला जोडली होती, हे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. माहिती अधिकारातल्या उत्तरात पोलिसांनी कळवले की ८० टक्के साम्य आढळले की जुळणी ग्राह्य धरतात. मतदानासाठी दिलेला फोटो संशयितांच्या रांगेत उभा राहील, हे मतदाराला कुणी सांगितले नव्हते.

‘कर नाही त्याला डर कशाला,’ असे आपण सहज म्हणतो. त्यात एक गृहीत दडलेले आहे: पाहणाऱ्याला नेहमी खरेच दिसते. पण अस्पष्ट फीत आणि ८० टक्के जुळणारा चेहरा काही वेगळेच सांगतात. काहीही न केलेल्या माणसालाच इथे जास्त भीती आहे, कारण स्वतःचा बचाव करायची वेळ आली आहे हेच त्याला ठाऊक नसते.

म्हणून सुरक्षा किती आणि स्वातंत्र्य किती, असा हिशेब मांडणे मला अपुरे वाटते. त्या हिशेबात एका बाजूला सगळा समाज आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस राहतो. निकाल आधीच ठरलेला असतो. विचारायचे ते हे, की ज्याच्या पाठीमागे निर्णय होतो त्याची बाजू त्या खोलीत कोण मांडतो? ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते. घाईच्या प्रसंगी आदेश आधी अमलात येतो, पण तीन कामकाजी दिवसांत तपासला जातो. जर्मनीत धोका टळल्यावर संबंधित माणसाला कळवण्याचे बंधन आहे. दोन्ही देशांनी दहशतवाद सोसला आहे आणि दोन्ही देश पाळत ठेवतातच.

आपल्याला याहून निराळे काही नको. परवानगी देणारा न्यायाधीश हवा, पाळत संपल्यावर शक्य तेव्हा त्या माणसाला कळवणे हवे, आणि किती आदेश निघाले व त्यांतून किती खटले उभे राहिले याचा वार्षिक आकडा संसदेपुढे यावा. यामुळे एकाही खऱ्या अतिरेक्याचा फोन ऐकायचा राहणार नाही. उलट १८,००० आदेशांच्या ढिगातून जे दोनशे खरोखर निकडीचे असतील, त्यांच्याकडे लक्ष द्यायला माणसे मोकळी होतील. करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीला आंबेडकरांनी होकार दिला तो पोलिसांवर अविश्वास म्हणून नव्हे. चांगल्या सरकारच्या सद्बुद्धीवर नागरिकाचा हक्क टांगून ठेवू नये, एवढाच त्यामागचा विचार होता. तो विचार सभागृहाने तेव्हा नाकारला. आज तो कायद्यात आणणे संसदेच्या हातात आहे, आणि ती मागणी करणे आपल्या.