परसातले न्यायाधीश

चैत्रात आमच्या परसातल्या कढीलिंबाला पालवी फुटते आणि तिच्यावर पहिला हक्क आमच्या फोडणीचा नसतो. काळ्या अंगावर पिवळे ठिपके मिरवणारं एक फुलपाखरू येतं, कोवळ्या पानांवर एकेक अंडं ठेवतं आणि निघून जातं. पुढचं सगळं आपल्याकडे! अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. एवढा बंदोबस्त सरकारी गोदामालाही नसेल.

बागेत फुलपाखरं सगळ्यांनाच हवीत, अळ्या मात्र नकोत. म्हणजे जावई हवा, पण त्याचं बाळपण नको!

मी अळ्यांना हात लावत नाही. हे पुण्य तसं स्वस्तातलं. कढीलिंब काय, भाजीवाली कोथिंबिरीबरोबर फुकटही देते. खरी पंचाईत शिंप्याची. शिंपी म्हणजे पक्षी हो! पानं शिवून त्यानं घरटं केलंय आणि पिल्लांसाठी तो नेमक्या याच अळ्या उचलतो. त्याला हाकलावं तर पिल्लं उपाशी. गप्प बसावं तर अभय दिलेल्या जिवाचा घात. अळीच्या जिवंत शरीरावर पोसणाऱ्या गांधीलमाश्यांमुळे डार्विनलाही दयाळू परमेश्वराबद्दल शंका आली होती. १८६० साली त्यानं तसं एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला कळवलंसुद्धा.

मी हे सारं सौ.ला ऐकवलं.

"अहो, पण तुम्हाला विचारलंय कुणी?" ती म्हणाली. "चार पानं उरली असतील तर आणा. कढी उकळतेय."

तीन मिळाली.